क्लिपा लावलेल्या मुलांचं ताट: इंदूरच्या स्वयंपाकघरातल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, 5 जुलै 2025

काम ठरलं. दातांना क्लिपा लावलेल्या 12 ते 17 वयाच्या मुलांना घरात सगळ्यांसाठी शिजतं तेच जेवण कसं देता येईल, हे एकेक पदार्थ करून तपासायचं. वेगळं पातेलं चढवायचं नाही. हात तिघांचे: एक ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा डॉक्टर), एक आहारतज्ज्ञ, एक रोजचा स्वयंपाक सांभाळणारी. जागा लोकमान्य नगरातलं स्वयंपाकघर.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट लिहून ठेवली, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्लिपांना धोके दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला धोका कडक वस्तूचा. ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारं छोटं कोंदण, दाताला चिकटवलेलं असतं ते कॉम्पोझिट नावाच्या राळेनं. ते दातावरच्या आम्लानं खरखरीत केलेल्या पृष्ठभागात सूक्ष्म मुळं धरून बसतं. कडक तुकडा ब्रॅकेटच्या कडेवर तिरका दाबला की ही पकड सुटते. ब्रॅकेट निघालं की तो दात पुढच्या भेटीपर्यंत सरकत नाही, कधी मागेही येतो, आणि उपचार लांबतात.

दुसरा धोका मऊ, पिठूळ, गोड वस्तूचा. ती ब्रॅकेटभोवती आणि तारेखाली साठते, जंतू तिचं आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, खनिजं विरघळायला लागतात, आणि लाळ ते सावरेपर्यंत अर्धा ते एक तास जातो. ब्रॅकेटच्या कडेला कीट तसंच राहिलं तर चार आठवड्यांतही खडूसारखे पांढरे डाग दिसू शकतात. क्लिपा निघाल्यावर दात सरळ, पण प्रत्येक दातावर चौकोनी पांढरी चौकट, असं होतं ते यामुळेच.

घराघरात "मऊ दे ग त्याला काहीतरी" म्हणून चहात बुडवलेली बिस्किटं, साखर घातलेला केळ्याचा शेक आणि पावाचे तुकडे दिले जातात. पहिला धोका टळतो, दुसरा दुणावतो. म्हणून प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: हा मोडेल का, आणि हा चिकटून राहील का?

साधनं: अॅक्रिलिकचा जबडा, वर 10 आणि खाली 10 ब्रॅकेट बसवलेला, दाढांना ट्यूब (तारेचं टोक धरणारी नळी), खरी तार, ती ब्रॅकेटला बांधणारे खरे रबर. काटा, चिमटा, भिंग, 30 मिलि पाण्याची पिचकारी. चाचण्या दोन. दाबाची: पदार्थाचा दीड सेंटिमीटरचा तुकडा काट्याखाली धरून अंगठ्यानं दाबायचा, आणि नख पांढरं पडेल इतक्याच दाबात तो पसरला पाहिजे. चिकटण्याची: चमच्यानं पदार्थ ब्रॅकेटवर दाबायचा, दोन पिचकाऱ्या पाणी मारायचं आणि किती उरलं ते भिंगातून पाहायचं. जबड्याला जीभ नाही, लाळ नाही, म्हणून निकाल फक्त एका पदार्थाची दुसऱ्याशी तुलना करायला वापरायचे.

रविवार, 6 जुलै

आषाढी एकादशी, म्हणून सुरुवात साबुदाण्यानं. एक वाटी साबुदाणा, वर जेमतेम येईल इतकं पाणी, पाच तास भिजत. खिचडी नेहमीसारखी केली.

दाबाच्या चाचणीत साबुदाणा सहज पास. चिकटण्यात मात्र फारच वाईट. दाणा तार आणि दात यांच्या फटीत चेपला जातो आणि तिथंच बसतो. दोन पिचकाऱ्यांनी हलला नाही, ब्रशच लागला. गार खिचडी गरमपेक्षा जास्त घट्ट बसली, कारण शिजलेला स्टार्च गार होताना आवळतो. म्हणजे शाळेच्या डब्यात साबुदाणा सर्वांत चुकीच्या वेळी खाल्ला जातो.

दाण्याचा कूट ओबडधोबड राहिला होता. अर्धा दाणा खालच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पंखाखाली (बाहेर आलेल्या कडेखाली) आडवा अडकला. खालचे पुढचे ब्रॅकेट असे निघू शकतात, कारण बऱ्याच मुलांचे वरचे दात त्यांच्यावर टेकतात आणि मधे आलेली वस्तू सरळ ब्रॅकेटवर चेपली जाते. कूट मिक्सरमधून काढून चाळणीनं चाळला, तेव्हा प्रश्न मिटला.

पर्याय: भगर, इथल्या दुकानात मोरधन म्हणून मागायची. एक वाटीला साडेतीन वाट्या गरम पाणी, मंद आच, झाकण. वर चाळलेल्या कुटाची आमटी. दोन पिचकाऱ्यांत जबडा जवळजवळ स्वच्छ. इथल्या खिचडीवर वरून पडणारी फराळी सेव आणि बटाट्याचा तळलेला कीस बाजूलाच ठेवायचा. ज्याला साबुदाणाच हवा त्यानं गरम खावा, दह्यासोबत, घरी, आणि लगेच ब्रश.

बुधवार, 9 जुलै

पहिले तीन दिवस. क्लिपा लावल्यावर किंवा तार बदलल्यावर दुखणं काही तासांत सुरू होतं, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. दात ज्या धाग्यांनी हाडात टांगलेला असतो त्या धाग्यांवर दाब येतो. म्हणून चावताना दुखतं, गिळताना नाही. अर्थात पोषण कमी करण्याचं काही कारण नाही, फक्त चावणं कमी करायचं.

सुरुवातीची तार बहुतेक वेळा निकेल-टायटॅनियमची असते. गारव्यात ती जरा सैल पडते आणि गरम घोटानं पुन्हा ताणते. म्हणून गार दही, गार ताक, माठातलं पाणी या दिवसांत खरोखर आराम देतं. वाफाळता चहा दुखणं वाढवतो. बर्फ चघळायचा नाही, तो कडकच्या यादीत सर्वांत वर.

13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 43 ग्रॅम प्रथिनं आणि 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं (भारतीय वैद्यक संशोधन परिषद, 2020). चावायला न लागता हे कुठून येतं ते मांडलं. दूध 400 मिलि: 13 ग्रॅम. मुगाची डाळ 40 ग्रॅम, खिचडीत: साडेनऊ. तांदूळ 60 ग्रॅम: साडेचार. दही 200 ग्रॅम: साडेसहा. पनीर 50 ग्रॅम, किसून: नऊ. नाचणीचं पीठ 30 ग्रॅम, आंबिलीत: दोन. बेरीज 44 च्या पुढे, कॅल्शियमही हजाराच्या आसपास. अंडं चालत असेल तर पनीरऐवजी दीड अंडं, मऊ भुर्जी करून.

गुरगुट्या खिचडीचं माप: तांदूळ 60 ग्रॅम, मूगडाळ 40, पाणी 600 मिलि, कुकरच्या पाच शिट्ट्या, मग पळीनं घोटणं. जिरं अख्खं टाकलं तर ते दाढेच्या ट्यूबमागे जाऊन बसतं. जिरेपूड घातली. तीच गोष्ट मोहरीची. फोडणी तडतडवून तूप गाळून घेतलं आणि मोहरी बाजूला काढली, चव तीच राहिली.

तांदळाची उकड मुद्दाम टिपून ठेवतोय, कारण या तीन दिवसांसाठी याहून चांगला नाश्ता सापडला नाही. अर्धी वाटी पिठी, दीड वाटी ताक, आलं किसून, मिरची वाटून, हिंग, मीठ. गुठळी राहू नये म्हणून पिठी आधी गार ताकात कालवायची, मग फोडणीत ओतायची. दोन वाफा. वर कच्चं तेल. ताकाच्या ओलाव्यामुळे ती साबुदाण्यासारखी आवळत नाही.

शनिवार, 12 जुलै

आज पोहे. इंदूरमध्ये पोहे टाळा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेलात परतून कोरडे पडलेले नसतात. पोहे स्वतः मऊ, दाबाच्या चाचणीत पास. भानगड वर पडणाऱ्या गोष्टींची: सेव, बुंदी, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, जीरावण (इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला).

सेवेवर तासभर घालवला. बारीक सेव गरम पोह्यांत मिसळून पाच मिनिटं झाकली तर काट्याखाली मोडते. जाड रतलामी सेव दहा मिनिटांनीही आतून कोरडीच. काटा दाबला की बाहेरचा थर निघतो आणि मधला कणा टकदिशी तुटतो. तुटताना जी टोकं होतात ती हिरडीला टोचणारी आहेत. म्हणजे जाड सेव, लौंग सेव बाद, बारीक सेव झाकून.

पण गोष्ट इथं संपत नाही. भिजलेली बारीक सेव जबड्यावर दाबली तेव्हा बेसनाचा लगदा झाला आणि ब्रॅकेटच्या चारही पंखांखाली पुट्टीसारखा भरला गेला. मोडायचा धोका गेला, साठण्याचा आला. दोन पिचकाऱ्यांनी अर्धा निघाला, उरलेला फटीत घालायच्या बारीक ब्रशनं. निष्कर्ष: सेव चमचाभर, झाकून, आणि खाल्ल्यावर तीन चुळा. पसाभर सेव घेऊन अभ्यास करताना तासभर चघळणं हे दोन्ही धोक्यांना एकदम बोलावणं आहे.

कांदा कच्चा नको, पोह्यांसोबतच वाफवलेला हवा. डाळिंबाचा गर मऊ, पण बी तारेखाली शिरतं, म्हणून वगळलं. जीरावणात आमचूर, काळं मीठ, तिखट असतं. गालाला तारेनं घासून फोड आला असेल त्या आठवड्यात ते झोंबतं, एरवी हरकत नाही.

हळद: पारदर्शक रबर एका जेवणात पिवळे पडतात. ब्रॅकेट नाही पडत, रबर पडतात, आणि ते दर चार ते सहा आठवड्यांच्या भेटीत बदलले जातातच. हळद सोडू नका. रबर निवडताना राखाडी किंवा निळा मागा, किंवा स्टीलच्या बारीक तारेनं बांधून घ्या.

जिलबीची कड कुरकुरीत आणि पाक चिकट. दुधात दहा मिनिटं भिजवली की कड मऊ पडते, साखर मात्र तेवढीच राहते. आमचं मत: नाश्त्यासोबत एक, एका बैठकीत, आणि चूळ. दुपारी पुन्हा अर्धी, संध्याकाळी पुन्हा अर्धी, असं नको. दातांना एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा आली हे जास्त नडतं.

बुधवार, 16 जुलै

सेपरेटर. दाढांना बँड (धातूचं कडं) बसवायच्या साधारण आठवडाभर आधी दाढांमधे छोटे रबरी कडे घालतात. काहीतरी अडकल्यासारखं सतत वाटतं आणि मुलं टूथपिक घालतात. घालू नये, कडं निघतं. या आठवड्यात चिकट काही नको आणि त्या फटीत धागाही नको. बाकी जेवण नेहमीचं.

रविवार, 20 जुलै

भुट्टे आले. चोइथराम मंडीतून देशी पांढरे, कोवळे आणले. नख लावलं की दूध उडेल असे. कणीस दातांनी खाणं बंद, ते पुढच्या ब्रॅकेटवरच आघात करतं. पण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तो भुट्ट्याचा कीस म्हणजे क्लिपांसाठीच जन्मलेला पदार्थ वाटला होता. पहिल्या खेपेला तो नापास झाला.

कीस मऊ होता, पण जबड्यावर दाण्यांची सालं उरली. पारदर्शक, नखाच्या कापासारखी, तारेखाली सरकलेली, पिचकारीनं न निघणारी. कारण शोधलं: किसणी कणसाच्या बुरकुंडापर्यंत नेली होती. दाण्याचं साल बुडाशी कणसाला धरलेलं असतं. वरचा दोन तृतीयांश दाणा किसला तर दूध आणि गर खाली पडतो आणि बरंचसं साल कणसाला लोंबत राहतं. पुढं रेटलं की तेही तुटून येतं.

दुसरी खेप. चार कणसं, किसणीची बारीक बाजू, हलका हात, बुरकुंडाच्या आधी थांबायचं. मग चाकूच्या पाठीनं कणीस वरून खाली निपटायचं, म्हणजे राहिलेलं दूध निघतं. दोन वाट्या कीस मिळाला. कढईत दोन चमचे तूप, हिंग, जिरेपूड, वाटलेली मिरची. कीस मंद आचेवर दहा मिनिटं परतला, कच्चा वास जाईपर्यंत. एक वाटी दूध तीन वेळा थोडं थोडं घालत आणखी पंधरा मिनिटं. दूध एकदम ओतलं तर तळाला लागतं आणि करपलेली खरपुडी कीसात मिसळते, ती कडक. मीठ, चिमूट साखर, लिंबू शेवटी. वरून ओलं खोबरं घालतात, ते वाटून घातलं.

जबडा दोन पिचकाऱ्यांत स्वच्छ, एका दाढेच्या ट्यूबमागे थोडं साल. स्वीट कॉर्नचं साल जास्त चिवट निघालं, तो वापरायचा तर किसल्यावर पुरणयंत्रातून काढावा लागेल.

सोमवार, 28 जुलै

आपल्या पंचांगानं श्रावणाचा पहिला सोमवार. शेजारच्या हिंदी घरांत सावनचे सोमवार 14 तारखेपासूनच सुरू आहेत. उपास करणाऱ्या मुलांसाठी: भगर, राजगिऱ्याच्या पिठाची लापशी, उकडलेलं रताळं कुस्करून दुधात, दही, केळं, पपई. राजगिऱ्याची चिक्की आणि लाडू नाही. गूळ तारेला ओढतो आणि लाह्यांचे कण फटीत जातात. दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यापेक्षा दोनदा बसून नीट खावं.

शनिवार, 2 ऑगस्ट

शाळेचा डबा. मधली सुट्टी छोटी, आणि क्लिपांची मुलं नेहमीपेक्षा सावकाश खातात, म्हणून डबा उघडल्यापासून दहा मिनिटांत संपेल असा हवा. डबा अर्धा तसाच परत येणं हे वजन घटण्याचं एक कारण आहे, आणि वाढीच्या वयात ते परवडत नाही.

पोळी मुळात पुढच्या दातांनी तोडण्याची वस्तू नव्हेच, पण डब्यात घाईघाईत तीच होते. पीठ भिजवताना एक वाटी कणकेला दोन चमचे दही आणि एक चमचा तेल. लाटल्यावर भाजायची ती तव्यावरच, फुलक्यासारखी आचेवर नाही, म्हणजे कडा वाळत नाहीत. डब्यात भरतानाच पोळीचे आठ तुकडे करायचे. भाजी रसाची: दुधी, दोडका, लाल भोपळा, बटाटा-टोमॅटो. मेथी आणि पालकाचे लांब देठ तारेला गुंडाळले जातात, म्हणून पालेभाजी बारीक चिरून, डाळ घालून, घोटून.

थालीपीठ: भाजणी एक वाटी, किसलेला दुधी पाऊण वाटी पिळून न काढता, एक चमचा दही. जाडसर थापायचं, झाकण ठेवून भाजायचं, दुसरी बाजू कमी. तीळ नाहीत. खरपूस कड हीच थालीपिठाची मजा, हे मान्य. ती कड घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खावी.

उसळ: मोड आलेले मूग कुकरला तीन शिट्ट्या. नुसते वाफवलेले दाबाच्या चाचणीत नापास झाले. हरभरा आणि वाटाणा शिजवून ठेचला तरी सालं सुटी होतात, म्हणून त्याऐवजी सातूचं पीठ ताकात. फळं: सफरचंद दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या, पेरूचा बियांचा गाभा काढून, आंबा आणि पपई फोडी.

डब्यासोबत छोटी पुरचुंडी: लहान ब्रश, फटीचा ब्रश, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर लावायचं मेण, आरसा. ब्रश जमला नाही तर निदान तीन चुळा, पाणी दातांच्या मधून जोरात खेळवून. ब्रश लिंबाचं किंवा आंबट खाल्ल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्यावा, तोवर चूळ.

शनिवार, 9 ऑगस्ट

राखी. श्रीखंड, रसमलाई चालेल. गुलाबजाम चमच्यानं तोडून. शेंगदाण्याची चिक्की, सोनपापडी, टॉफी नाही. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, दुधाची दाट, सुकामेवा घातलेली. सुकामेवा पूड करून घेतला तर उत्तम, पण ती पेय नसून गोड पदार्थ आहे असं धरून जेवणासोबत घ्यावी.

रविवार, 17 ऑगस्ट

दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, भाजण्याआधी उकळलेला असतो, म्हणून आतून बाटीपेक्षा मऊ, पण भट्टीतून आल्यावर कवच कडक. तुपात बुडवून ते मऊ होत नाही, नुसतं चमकतं. कवचावर काटा वाकला. उपाय: बाफला हातानं बारीक कुस्करायचा, उकळती पातळ डाळ त्याच्या दीडपट, झाकून सात-आठ मिनिटं. वर तूप एक चमचा. तेव्हा कवचाचे तुकडेही पास झाले. लाडवाऐवजी चुरमा, चाळलेला.

ज्या मुलांच्या दाढांवर चाव उंचावण्यासाठी ठिपके बसवलेले असतात त्यांना चावायला दाढा नीट मिळतच नाहीत. त्यांच्यासाठी सगळेच तुकडे अर्धा सेंटिमीटर. अख्खे गिळले की पोट बिघडतं आणि दोष तिखटाला जातो.

फोड आला असेल तर: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार चुळा. टोचणाऱ्या जागेवर मेण. ब्रॅकेट कापसानं कोरडं करायचं, हरभऱ्याएवढी गोळी दाबून बसवायची. ओल्या ब्रॅकेटवर मेण धरत नाही, आणि बहुतेकांचं तिथंच चुकतं. जेवणाआधी काढायचं, नंतर नवं लावायचं. गिळलं गेलं तर घाबरू नये.

बुधवार, 27 ऑगस्ट

गणेश चतुर्थी. उकडीचे मोदक, 21 केले, सहा तपासणीला. पारी मऊ, दाबात पास. सारण पहिल्या चारांत चिकट झालं: गूळ जास्त वेळ आचेवर राहिला आणि गार होताना ताठला. खोबऱ्याचे लांब धागे तारेत ओवले गेले. उरलेल्या दोघांत खोबरं खोवून मिक्सरमधून दोन वेळा फिरवलं, दोन वाट्या खोबऱ्याला पाऊण वाटी गूळ, गूळ विरघळून ओलावा निम्मा उतरताच आच बंद, दोन चमचे दूध. खसखस नाही, वेलची पूड. मोदक गरम असताना चमच्यानं फोडून, वर तूप.

दोन पिचकाऱ्यांनंतर खालच्या डाव्या सुळ्याच्या ब्रॅकेटखाली गुळाचा पिवळसर ठिपका उरला. बारीक ब्रशच्या एका फिरवणीत गेला. जबडा धुऊन वाळत ठेवला. ऋषिपंचमीची भाजी उद्याच, अळूचे देठ आणि कणसाचे तुकडे काढून घोटून पाहायची आहे.